मोत्याच्या ताटलीत कच्चं की शिजवलेलं?

घरात कुत्रा आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, परवानगी देतात ती मुलांचे वडील, आणि त्याचं खाणंपिणं आपोआप येऊन पडतं ते तुमच्याकडे! पहिले दोन दिवस मुलं हौसेनं ताटली भरतात. तिसऱ्या दिवसापासून 'आई, मोत्याला दिलंस का गं?' ही हाक सुरू होते. म्हणूनच कुत्र्याच्या आहाराची कुठलीही नवी टूम निघाली, की ती फिरून फिरून तुमच्याच ओट्यापाशी येऊन थांबते.

सध्याची टूम आहे कच्च्या आहाराची. कॉलेजात जाणारे चिरंजीव मोबाइलवर काहीतरी पाहतात आणि रात्रीच्या जेवणाला जाहीर करतात, 'उद्यापासून मोत्याचं पोळी-दूध बंद. त्याला कच्चं चिकन, कच्ची हाडं आणि कलेजी द्यायची. तो मूळचा लांडगा आहे, लांडगा कुठे शिजवून खातो?' बोलणं कसं, ऐकणाऱ्याला पटकन पटावं असं! चिकन आणायला चिरंजीव एका पायावर तयार असतात. पुढचं कापणं, धुणं, पुसणं कोणी करायचं, हे मात्र कोणी बोलत नाही.

अशा वेळी तुम्ही लगेच 'हो' म्हणू नका आणि 'शी! कच्चं मांस माझ्या घरात नको' म्हणून तोडूनही टाकू नका. आधी त्यातलं खरं-खोटं समजून घ्या. कारण प्रश्न एकट्या मोत्याच्या पोटाचा नाही, त्याच्या अंगावर लोळणाऱ्या तुमच्या नातवंडाचाही आहे.

ही टूम आली कुठून?

कुत्र्यासाठी तयार खाद्य विकत आणायचं, ही कल्पनाच मुळी दीड-पावणेदोनशे वर्षांची आहे. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. त्याआधी कुत्री घरातलं उरलंसुरलं आणि दारातलं मिळेल ते खात होती. पुढे डब्यातलं, पुडक्यातलं कोरडं खाद्य आलं आणि पाश्चात्त्य देशांत तोच रिवाज झाला.

या पुडक्यातल्या खाद्याविरुद्ध आवाज उठवला तो इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं. १९९३ साली त्यांचं 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक निघालं. कुत्र्याला कच्ची मांसल हाडं, अवयवांचं मांस आणि वाटलेल्या भाज्या द्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. या आहाराला 'बार्फ' असं नाव पडलं. हल्ली मोठ्या शहरांत असं कच्चं खाद्य गोठवून, पाकिटं करून विकलंही जातं.

कच्च्या आहाराचे भक्त सांगतात, की कुत्र्याचे केस चमकतात, शी कमी होते, दात स्वच्छ राहतात. यातलं काही खरंही आहे, बरं का! मांस चांगलं पचतं, म्हणून विष्ठा कमी होते. मांसातली चरबी मिळाली की केसांना तकाकी येते. पण मांस शिजवलं म्हणून हे दोन्ही गुण काही पळून जात नाहीत. वर्षभर पोळी-दुधावर काढलेल्या मोत्याला रोज पाव किलो चिकन मिळू लागलं, तर तो तरतरीत होणारच. मांस कच्चं होतं म्हणून तो सुधारला असं नव्हे, मांस मिळालं म्हणून सुधारला!

लांडगा आणि मोत्या

आता 'तो मूळचा लांडगा आहे' या मुद्द्याकडे येऊ. कुत्रा लांडग्यापासून झाला, हे खरं. पण माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं राहून तो बदलला आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना करून पाहिली. पिष्ट पदार्थ पचवणारा जो रस स्वादुपिंडात तयार होतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत! म्हणजे भात, भाकरी, पोळी पचवण्याची सोय निसर्गानंच त्याच्या पोटात करून ठेवली आहे. आपल्याकडे मेंढरांमागं हिंडणारी धनगरांची कुत्री भाकरीच्या तुकड्यावर वाढत आली, ती उगाच नव्हे. (नुसती भाकरी पुरत नाही, ते पुढे सांगतेच.)

धोका मोत्याला थोडा, घराला जास्त

कच्च्या मांसाबद्दल खरी काळजी आहे ती जंतूंची. साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर ही नावं तुम्ही अन्नातून विषबाधेच्या बातम्यांत वाचली असतील. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० ते २०१२ या काळात कच्च्या प्राणिखाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यातल्या १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया निघाला. ही पाकिटं कारखान्यात तयार झालेली होती. मग आपल्या बाजारात उघड्यावर, दुपारपर्यंत टांगलेल्या मांसाबद्दल काय बोलावं?

'पण मोत्याला तर काहीच होत नाही!' असं चिरंजीव म्हणतील. बरोबर आहे. पुष्कळदा धडधाकट कुत्र्याला काही होत नाही, आणि घोळ होतो तो त्यातूनच. कुत्रा वरवर ठणठणीत असतो, पण त्याच्या विष्ठेतून हे जंतू दिवसच्या दिवस बाहेर पडत राहतात. ते त्याच्या तोंडाला लागतात, पंजांना लागतात, गादीला लागतात. मग तो येऊन बाळाचं तोंड चाटतो.

धडधाकट माणसाला दोन दिवस जुलाब होऊन सुटका होईलही. पण पाच वर्षांच्या आतलं मूल, घरातली म्हातारी माणसं, कॅन्सरवर उपचार घेणारं कोणी, यांच्या बाबतीत हेच दुखणं जिवावर बेतू शकतं. आणि लेक बाळंतपणाला आली असेल, सुनेला दिवस गेले असतील, तर अधिकच सांभाळा. लिस्टेरियाचा संसर्ग गर्भारपणात झाला तर आईला साधा तापच येतो, पण गर्भपात होऊ शकतो, मूल दगावू शकतं. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन या पशुवैद्यांच्या संस्थेनं २०१२ साली कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये असा ठराव केला, तो जनावरांइतकाच माणसांचा विचार करून.

बऱ्याच जणींचा समज असतो, की फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात. मैत्रिणींनो, थंडीनं साल्मोनेला मरत नाही, नुसता झोपतो! मांस पुन्हा साधारण उष्णतेला आलं की तो जागा होतो. त्याला मारते ती आच.

वजडी, फोफस आणि हायडॅटिडची गाठ

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सर्रास चालते. मटणवाल्याकडे 'कुत्र्यासाठी काही द्या हो' म्हटलं, की तो वजडी, फोफस, कलेजीचे तुकडे पिशवीत टाकून देतो. स्वस्तात काम होतं, कधी तर फुकटच. ते तसंच कच्चं कुत्र्यापुढे टाकलं जातं.

यातून होणारा एक रोग प्रत्येक कुत्रेवाल्या घरानं माहीत करून घ्यायला हवा. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात, फुफ्फुसात कधी कधी पाण्यानं भरलेल्या पिशव्या असतात, त्यांना हायडॅटिड म्हणतात. कुत्र्यानं त्या कच्च्या खाल्ल्या, की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. ते अवघे काही मिलिमीटरचे, त्यामुळे ना दिसतात, ना कुत्र्याला त्यांचा त्रास होतो. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि केसांना चिकटतात. मूल कुत्र्याला कुरवाळतं आणि हात न धुता खाऊ खातं. झालं! अंडी पोटात गेली. मग त्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशीच पाण्याची पिशवी हळूहळू वाढू लागते. ती कळायला कित्येक वर्षं लागतात, आणि कळते तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो.

यावरचा उपाय मात्र अगदी घरगुती आहे. वजडी-कलेजी द्यायचीच तर आतपर्यंत शिजवून द्या. आणि डॉक्टरांना विचारून जंताचं असं औषध ठेवा, ज्यात प्राझिक्वांटेल आहे. पट्टकृमीला सगळीच जंताची औषधं लागू पडत नाहीत.

नागपूरची गोष्ट

'वाघ तर कच्चंच खातो ना?' असा प्रश्न धाकटी मंडळी विचारतात. त्यांना नागपूरची गोष्ट सांगा. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा निदान झालं बर्ड फ्लूचं. हा विषाणू त्यांच्या खाण्यातूनच आला असावा, असा संशय होता. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात गोठवलेलं कच्चं खाद्य खाऊन एक घरातलं मांजर याच रोगानं गेलं. मांजरांच्या जातीला हा विषाणू फार बाधतो, कुत्र्याला त्या मानानं कमी. पण तुमच्या घरी मोत्याच्या जोडीला मनीही असेल, तर कच्च्या कोंबडीचा विचारही नको. चिकन नीट शिजवलं की हा विषाणू उरत नाही.

हाडांचं काय?

शिजवलेलं हाड कुत्र्याला कधीही देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. रविवारी रश्श्यातली हाडं ताटलीत टाकायची सवय पुष्कळ घरांत असते, ती मोडायलाच हवी. कच्चं हाड त्या मानानं कमी तडकतं, एवढंच. पण तेही गिळताना अडकतं, आणि नळीचं टणक हाड चावताना दाढ फुटते. दात स्वच्छ राहावेत म्हणून हाड द्यायचं आणि दाढच गमवायची, यात शहाणपण ते काय? दातांसाठी मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठी मिळणारी पेस्ट वापरा. आपली टूथपेस्ट मात्र नको.

मग पोळी-दूधच चालू ठेवायचं?

नाही! इथे चिरंजीवांचं म्हणणं निम्मं खरं आहे. नुसत्या पोळी-दुधावर कुत्र्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. त्यापेक्षा थोडं दही बरं.

पण उलट टोकाला जाऊन नुसतं मांस देणं हेही तितकंच वाईट. हाडं काढलेल्या मांसात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. कुत्र्याला कॅल्शियम हवं असतं फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्तच. ते अन्नातून मिळालं नाही, की शरीर ते हाडांतून काढून घेतं. वाढत्या पिल्लाचे पाय अशानं वाकतात, उडी मारली तरी हाड मोडतं.

मधला मार्ग म्हणजे घरी शिजवलेलं, मोजून-मापून केलेलं अन्न. साधारण दहा किलो वजनाच्या मोठ्या, रोज फिरायला जाणाऱ्या कुत्र्यासाठी दिवसाचा एक नमुना देते. दोन वेळांत विभागून द्या:

बिनहाडाचं चिकन — २०० ग्रॅम (कच्चं असतानाचं वजन)
मऊ भात — दोन लहान वाट्या, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम
लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी — ५० ग्रॅम, शिजवून कुस्करून
तेल — एक लहान चमचा
अंड्याच्या कवचाची पूड — सपाट अर्धा लहान चमचा

कवचं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखी बारीक करा आणि गाळून बरणीत भरा. अर्ध्या चमच्यात सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम असतं. मीठ-मसाला काही नाही. आठवड्यातून एकदा थोड्या चिकनच्या जागी ३० ग्रॅम शिजवलेली कलेजी चालेल. रोज मात्र नको, कारण 'अ' जीवनसत्त्व अंगाला जास्त होतं.

एवढ्यानं पोट भरेल, पण जस्त, आयोडीन, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्व यांची उणीव राहतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या. २०१३ साली त्यांनी जाहीर केलं, की त्यातल्या ९५ टक्क्यांत एक ना एक आवश्यक घटक कमी पडतो. म्हणून हा नमुना डॉक्टरांना दाखवा आणि पूरक पावडर लिहून घ्या. पिल्लू, गाभण कुत्री आणि मूत्रपिंडाचा विकार असलेलं कुत्रं यांचं खाणं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवूच नका. आणि इतकी मोजामोज रोज जमणार नसेल, तर 'संपूर्ण आहार' असा उल्लेख असलेलं चांगलं तयार खाद्य द्यायला काहीच हरकत नाही. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

बदल सावकाश

आज पोळी-दूध आणि उद्या एकदम चिकन-भात, असं केलंत तर परवा फरशी पुसत बसाल! पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुनं अन्न आणि एक भाग नवं, मग दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं, मग एक भाग जुनं आणि तीन भाग नवं, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. जुलाब झाले तर एक पायरी मागे या. महिन्यातून एकदा वजन करा. बरगड्यांवरून हात फिरवून पाहा: त्या हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून दिसता कामा नयेत.

शाकाहारी घरातला मोत्या

घरात मांस चालत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. अंडी चालत असतील तर निम्मं काम झालं. एरवी पनीर, दही, मऊ शिजवलेली मुगाची डाळ, सोयाबीन यांवर मोठा कुत्रा राहू शकतो. मात्र त्यात काय कमी पडतं हे डॉक्टरांकडून ठरवून घेतलं पाहिजे. मांजराचं तसं नाही. त्याला टॉरिन नावाचा घटक प्राणिज अन्नातूनच मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर डोळे आणि हृदय बिघडतात.

एवढं सांगूनही ऐकलंच नाही तर?

घरात लहान मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर 'नाही' म्हणजे नाही. इथे भीड धरू नका. तसं कोणी नसेल आणि हट्टच असेल, तर अटी तुम्ही घाला:

१. मोत्यासाठी वेगळी सुरी, वेगळी पाटी, वेगळं भांडं. ती ओट्यावरच्या भांड्यांत मिसळायची नाहीत.
२. मांस नळाखाली धुवायचं नाही. शिंतोड्यांबरोबर जंतू कोशिंबिरीपर्यंत पोचतात.
३. गोठवलेलं मांस झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवून सोडवायचं.
४. शेळी-मेंढीचे आतले अवयव कच्चे द्यायचे नाहीत.
५. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर टाकून द्यायचं. भांडं गरम पाण्यानं आणि साबणानं धुवायचं, हातही.
६. हे सगळं ज्याचा हट्ट त्यानं रोज करायचं!

सहाव्या अटीवर निम्मे हट्ट तिथेच संपतात, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

हे कधीही नको

आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण कशात नसतो? पण कच्चा असो वा शिजलेला, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्यामुळे कालची आमटी, उरलेला रस्सा पोळीवर ओतून देणं बंद करा. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. चॉकलेट नको. झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरायची गोडी काही बिनसाखरेच्या गोळ्यांत, च्युइंगगममध्ये आणि टूथपेस्टमध्ये असते. ती कुत्र्याला थोडीशीही घातक आहे. यातलं काही पोटात गेलं असं कळलं, तर लक्षणं दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

कुत्र्याला काय हवं हे त्याला बोलून सांगता येत नाही, आणि जाहिरातवाल्यांना मात्र फार छान सांगता येतं. तेव्हा चिकन-भाताचा एक लहान कुकर रोज वेगळा लावा. एक जादा शिट्टी झाली तर मोत्याची तक्रार नसते, आणि नातवंड त्याच्या गळ्यात पडलं तर तुमच्या जिवाला घोर नसतो.